एक बोट घट्ट

ऐक ना, मध्ये काही विचारू नकोस, आधी सगळं ऐकून घे, मग काय ते बोल.

चौकातून खाली उतरलं की खोगीरवाल्याचं दुकान लागतं, बघितलंयस तू. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण, आणि अख्ख्या घराला चामड्याचा आणि मेणाचा वास. म्हातारा घोड्या-खेचरांचं सगळं सामान करतो. खोगीर, लगाम, गळपट्टे, पोटाखालून आवळायचे तंग. मुलगा ट्रक चालवतो, आला तर आला. म्हणजे घरात धरायची माणसं तीनच. म्हातारा, म्हातारी आणि सून. आणि हे सगळं झालं ते सुनेच्या डोळ्यांसमोर, तिच्याच हातून म्हण हवं तर.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला शर्टाचं बटण लावता येत होतं, एवढंच शिवणकाम. सासऱ्यानं तिला शेजारी बसवून शिकवलं. आरीनं भोक पाडायचं, एकाच भोकातून दोन सुया दोन बाजूंनी काढायच्या, ओढताना दोन्ही हात सारखे. पोरीचा हात असा काही बसला की म्हातारा गिऱ्हाइकांना टाका दाखवायचा आणि म्हणायचा, "हा माझा नाही, सुनेचा आहे." पुढे त्याची नजर अधू झाली. मग तो कापायचा आणि ती शिवायची. तिच्याशिवाय दुकान म्हणजे नुसते कापलेले तुकडे.

आता म्हातारीचं. जन्म सगळा उभ्यानं गेला तिचा. कातडी भिजव, खरवड, वाळव, गल्ल्यावर उभी राहा, गिऱ्हाइकांशी भांड. डाव्या पायाच्या शिरा कधीपासून फुगलेल्या, घोट्यापासून वर कातडी काळपट तांबडी, पापुद्रे सुटलेले, खाज अशी की झोपेत खाजवून रक्त काढायची. त्यात अंगणातल्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, आत सळी घातली, आणि तेव्हापासून वॉकर. वॉकर धरून खोलीतून मोरीपर्यंत जायची ती म्हणजे गावाला जाऊन आल्यासारखी. खाली वाकता येईना, स्वतःच्या पायाला स्वतःचा हात पुरेना. चालणं गेलं तसा पाय जास्तच सुजायला लागला. मग चिरा पडल्या, आणि चिरांतून पाणी.

दवाखान्यातली नर्सबाई फेरीवर आली की बघून जायची. पहिल्यांदा तिनं सुनेला समोर बसवून सगळं करून दाखवलं.

"रक्त खाली उतरतं पण वर चढत नाही, समजलं का? म्हणून हे असं. कोमट पाण्यानं धुवायचा, घासायचं नाही. टिपून कोरडा करायचा, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. मलम वरून खाली लावायचं, चोळायचं नाही. मग पट्टी. बोटांच्या मुळापासून सुरू करायची, टाच झाकायची, घोट्याला दाब जास्त आणि वर गुडघ्याकडे जाताना कमी. हा दाब मी पायातलं रक्त तपासून ठरवलाय, मनानं बदलायचा नाही. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी लगेच सोडायची."

"आणि मी काय करायचं?" म्हातारी म्हणाली.

"तुम्ही पाय वर ठेवून पडायचं आणि पंजा हलवत राहायचं. मलम लावल्या-लावल्या उठायचं नाही, घसराल. आणि चुलीपाशी बसायचं नाही. मलमात भिजलेलं कापड भसकन पेटतं."

"म्हणजे मी आता लोणच्याची बरणी. उचलायची नाही, हलवायची नाही, उन्हात न्यायची नाही."

नर्सबाई हसली. सून पण हसली.

तर रोज सकाळी हे. सून पाटावर बसायची, सासू खाटेच्या काठावर, मध्ये तसराळं, आणि सासूचा पाय सुनेच्या मांडीवर. म्हातारी पूर्ण वेळ भिंतीकडे बघायची. सुनेच्या मांडीवर पाय टाकून बसायचं हे तिच्या गळ्याखाली उतरतच नव्हतं. मग काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची.

"आपल्या घरात पाळणा हलायच्या आधी माझाच पाय जन्माला आला बघ. रोज आंघोळ, रोज तेलपाणी."

"नाव काय ठेवायचं, आत्याबाई?"

"राजा ठेव. काही कामाचा नाही आणि सगळे सेवेला."

हसायच्या दोघी. पण अर्धी सकाळ जायची त्यात, आणि बाहेर दुकानात म्हातारा कापलेल्या पट्ट्यांची चळत लावून सुनेची वाट बघत बसायचा. नुसता रापी दगडावर घासत राहायचा. रापी म्हणजे त्याची कापायची सुरी. ती धार लावून झालेली असली तरी घासायचा, आणि तो आवाज आत सुनेला ऐकू यायचा.

मग हंगाम तोंडावर आला. वरच्या उतारांवरचं पीक खेचरांवरून खाली आणतात, तिथे ट्रक चढत नाही. खेचरांचा ठेकेदार आला आणि म्हणाला, सगळ्या जनावरांचं सामान नवं करायचंय, तंग, गळपट्टे, सगळं. पीक कापायच्या आत पाहिजे.

"उस्ताद, खरं सांगतो, शहरात नायलॉनचे पट्टे तयार मिळतात. हलके, धुवायला सोपे. मी तुमच्याकडे येतो ते सवय म्हणून. पण सवय किती दिवस पुरणार?"

"नायलॉन जनावराला कापतं," म्हातारा म्हणाला.

"आणि तुम्ही उशीर केलात तर मला ठेका कापतो."

काम मिळालं, पण ते असं, गळ्यात दोरी घालून. म्हातारा पहाट फुटली की कापायला बसायचा. सून पाय आटोपून यायची तोवर ऊन दुकानात आलेलं असायचं. एका सकाळी ठेकेदार बघायला आला, किती झालंय ते. सून आत, पाय मांडीवर, पट्टी अर्धी गुंडाळलेली.

"शिवणारी कुठंय तुमची?"

"आत आहे. येतेय."

त्यानं पडदा बाजूला करून आत डोकावलं. म्हातारीचा उघडा पाय, ते पापुद्रे, तसराळं. बघितलं, आणि मागे होत म्हणाला, "माझ्या खेचरांचे पण पाय असे कोणी धुऊन देतं का बघा उस्ताद, मी पाठवतो."

स्वतःच हसला. दुकानात दुसरं कोणी हसलं नाही.

म्हातारीनं पाय मांडीवरून ओढून घेतला. "उरलेलं माझं मी करते. जा तू."

"आत्याबाई, पट्टी अर्धी आहे."

"जा म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला हात लावू दिला नाही. खाटेवर बसून, दाराची कडी लावून, स्वतःच करायला गेली. हात पोटरीपर्यंतच पुरला. मलम लागलं चादरीला आणि जमिनीला, पट्टी वरून आवळलेली आणि घोट्याशी ढिली, शेवटचं टोक तळपायाखाली लोंबतंय. तशीच वॉकर धरून उठली आणि मलमावरून पाय सरकला. पडली नाही. खिडकीचा गज हातात आला. फटीतून रापी घालून कडी काढून सासरा आणि सून आत शिरले तर म्हातारी गजाला लटकल्यासारखी उभी, आणि म्हणते काय, "काही नाही, हवा खातेय."

म्हातारा बघत राहिला तिच्या त्या लोंबणाऱ्या पट्टीकडे.

दुसऱ्या दिवशी म्हातारी अंथरुणातच होती, पाय रात्रभर उशीवर, तेव्हा तो कागदाची पट्टी घेऊन आत आला आणि तिच्या पायाचं माप घ्यायला लागला. घोटा, पोटरी, गुडघ्याखाली.

"काय हो हे?"

"हलू नकोस."

"मला खोगीर चढवताय की काय?"

"तुझ्यावर बसायची कोणाची छाती आहे," म्हातारा म्हणाला. त्याच्या तोंडून थट्टा ऐकून म्हातारीनं पाय सरळ करून दिला.

ठेकेदाराचं काम बाजूला ठेवून तो दोन दिवस त्या पायाच्या मापामागे लागला होता. एका खोगिरासाठी जपून ठेवलेलं बकरीचं कातडं होतं त्याच्याकडे, लोण्यासारखं, ते त्यानं काढलं. आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पुढून उघडणारा मोजाच म्हण ना. दोन्ही कडांना पितळेच्या कड्या, त्यांतून एकच वादी खालून वर ओवलेली, आणि वर गुडघ्यापाशी वादीला लाकडी मूठ. बसल्या जागी, न वाकता, मूठ ओढली की सगळं आवळलं जाणार. मूठ एका खाचेत अडकवली की झालं. कोणाची गरज नाही, कोणाच्या मांडीची गरज नाही.

सुनेनंच शिवला तो. शिवताना म्हणाली, "मामंजी, नर्सबाईंना एकदा विचारूया का?"

"तिनं जन्मात एक तरी तंग आवळलाय का?"

"ती म्हणाली होती दाब खाली जास्त पाहिजे, वर कमी."

"कातडं अंगावर बसतं. आपोआप जिथं पाहिजे तिथं सैल होतं. म्हणून तर एक बोट घट्ट कापायचं."

हे त्याचं ठरलेलं होतं. नवा पट्टा नेहमी मापापेक्षा एक बोट घट्ट. चामडं वापरून सैलावतं, म्हणून आधीच आवळून द्यायचं. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हातारी गल्ल्यावरून सांगायची, पहिले काही दिवस बोचणारच, मग अंगाचं होतं. जन्मभर सांगत आली होती ती हे.

आणि सुनेनं पुढे विचारलं नाही. नर्सबाईला तेव्हा लसीकरणाच्या कामावर दुसरीकडे पाठवलेलं होतं, फेरी बंद होती, पण दवाखाना काही लांब नव्हता, जाता आलं असतं. गेली नाही ती. तिच्या मनात काय आलं ते तिनं मला सांगितलं. मनात आलं, उद्यापासून सकाळ माझी.

म्हातारीनं तो चढवला, मूठ ओढली, खाचेत अडकवली. एकदा नाही, तीनतीनदा सोडून बांधून बघितला. मग वॉकर धरून उठली आणि थेट दुकानात आली. पडल्यापासून दुकानात आली नव्हती ती. म्हाताऱ्यानं स्वतःचं बसायचं खोगीर सारून तिला जागा करून दिली.

"बसला का?" त्यानं विचारलं.

"बसला."

"बोचतो?"

"पहिले काही दिवस बोचणारच," म्हातारी म्हणाली, आणि दोघंही हसले.

आणि मग खरंच बरे दिवस आले रे. सून सकाळपासून सुया घेऊन बसायची. म्हातारी दुकानाच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवायची. "माझ्या नवऱ्यानं केला. तुझ्या नवऱ्यानं काय केलं तुझ्यासाठी?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ठेकेदार आला तर त्याला म्हणाली, "तुमच्या खेचरांना असा हवा असेल तर सांगा, पण आधी माणसाचे पाय." त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हातारा मान वर न करता कापत होता, पण कान लाल झालेले, सुनेनं बघितले.

फक्त बसून राहायची म्हातारी दिवसभर. पाय खाली लोंबता. वर ठेवायचं सगळं विसरलं गेलं, कारण पाय वर ठेवला तर दुकानात कसं बसणार.

मग एक दिवस सुनेनं अंथरूण झाडताना मोजा उचलला, तर अस्तर ओलं. पिवळट ओल, पोटरीच्या बाजूला, आणि वास. तिला कळलं की हे काय आहे. ती काय लहान नव्हती. पायातून पाणी सुटतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.

"आत्याबाई, जरा पाय बघू."

"काय बघायचंय? घाम आहे तो. चामड्यात घाम येतोच."

"नुसता बघते."

"तुझे किती तंग राहिलेत ते बघ आधी. तोंडावर आलंय सगळं."

राहिलेच होते. चळत होती तिकडे. मग तिनं काय केलं, ऐक. तिनं ते अस्तर धुतलं. अस्तर धुताना चामडं भिजलं. आणि ओलं चामडं उन्हात टाकायचं नाही, सावलीत वाळवायचं, हे तिला अगदी पहिल्यांदा शिकवलेलं, शाळेतल्या पोराला अ शिकवतात तसं. पण सावलीत वाळायला दिवस जातो. तिनं मोजा कोंबड्यांच्या खुराड्याच्या पत्र्यावर उन्हात टाकला आणि जाऊन शिवायला बसली. चहा पिऊन उठली तर वाळून कडक. आकसलेला. तिनं तेल चोळलं, वाकवून वाकवून मऊ केल्यासारखा केला आणि सासूला आणून दिला. म्हातारीनं मूठ ओढली तेव्हा तिच्या जबड्याचं हाड वर आलेलं सुनेनं पाहिलं.

"बसला?"

"बसला गं. जा."

आणि एकदाच नाही. तेव्हापासून रोज तसंच. ओल दिसली की धुवायचा, पत्र्यावर टाकायचा, तेल चोळायचं.

सामान पुरं झालं. ठेकेदारानं माणसं पाठवली, म्हातारा स्वतः बरोबर गेला, प्रत्येक जनावरावर चढवून बघायला, कारण कुठं लागतंय का ते तोच बघणार, दुसऱ्यावर विश्वास नाही. जाताना म्हातारीला म्हणाला, "आलोच." म्हातारी दुकानात बसलेली. तो वळणावर दिसेनासा झाला तशी ती म्हणाली, "मला आत ने." आवाज असा की सुनेच्या हातातली सुई पडली.

पायावर उभंच राहता येईना. अंग तापलेलं. सुनेनं अर्धं उचलून खाटेवर नेलं. पायाची बोटं बघितली तर वांग्यासारखी. मूठ सोडली, वादी ढिली केली, पण मोजा निघेना. चिकटलेला. शेवटी ती दुकानातून सासऱ्याची रापी घेऊन आली आणि मोजा कापला, तिनंच घातलेल्या टाक्यांवरून, वरपासून खालपर्यंत.

आतलं मी तुला सांगत नाही. गुडघ्याखाली कडेचा वळ उठला होता, गोल, खोल, जसा चुकीच्या गळपट्ट्याचा जनावराला उठतो. आणि पोटरीला जखम, जिथं शिवण आली होती तिथं.

"कधीपासून दुखतंय?" सुनेनं विचारलं.

म्हातारी वर आढ्याकडे बघत होती. "बांधला तेव्हापासून."

"मग बोलायचं नाही का, आत्याबाई?"

"किती वर्षांनी स्वतःहून काही केलं गं त्यांनी माझ्यासाठी. कसं सांगू बोचतं म्हणून?"

शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नर्सबाई परत आलेली होती. तिनं पाय बघितला आणि मग सुनेकडे बघितलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय घातलं होतं?"

सुनेच्या आधी म्हातारी बोलली. "माझाच हट्ट. मीच मागून घेतलं."

"सगळा दाब वर गुडघ्याखाली आणि खाली सूज. मी उलटं सांगितलं होतं." मग सुनेला बाजूला घेऊन म्हणाली, "पाय वाचेल. पण ही जखम भरायला महिने जातील, आणि आता चालणं आणखी कमी. थोडं आधी आणलं असतंत तर एवढं झालं नसतं. घरी सगळ्यांना नीट समजावून सांगा."

थोडं आधी. सून मान घालून उभी.

म्हातारीनं खाटेवरून तिचा हात धरला. पकड अशी की वॉकर धरतात तशी. "त्यांना कळता कामा नये. पाणी लागलं म्हणायचं, वय झालं म्हणायचं. त्यांनी केल्यामुळं झालं असं त्यांच्या कानावर गेलं तर ते परत चामड्याला हात लावणार नाहीत, मी ओळखते त्यांना. म्हण, नाही सांगणार."

"नाही सांगणार," सून म्हणाली.

आणि खरं सांगू का, हे म्हणताना तिचा जीव भांड्यात पडला. कारण मोज्याचं निघालं नाही तर पत्र्याचं पण निघणार नव्हतं.

म्हातारा आला, धापा टाकत, कपड्यांना खेचरांचा वास. बायकोकडे बघितलं, पायाकडे बघितलं, तो आता पांढऱ्या पट्टीत, उंच ठेवलेला. सुनेला बाहेर बोलावलं.

"माझ्या मोज्यामुळं झालं का?"

"नाही मामंजी. शिराच तशा आहेत. दवाखान्यात घाईत कापावा लागला तो."

म्हातारा बाकावर बसला, गुडघ्यावर हात ठेवून. मग म्हणाला, "मला वाटलं, माझ्यामुळं." आणि डोळे पुसले. कापणाऱ्या माणसाच्या हाताची बोटं कशी असतात बघितलीयस ना, त्या बोटांनी.

पुढं म्हातारी घरी आली. परत पाट, तसराळं, मांडी. आता म्हातारी भिंतीकडे बघत नव्हती, सुनेकडे बघायची, आणि सून खाली बघायची. राजाचं नाव कोणी काढलं नाही.

इथपर्यंत असतं तर मी तुला सांगितलंच नसतं. पण एक दिवस दुकानात गाडीवान आला. चौकात घोडागाडी लावतो ना, तो. म्हणाला, "उस्ताद, माझ्या आईचे पाय तुमच्या घरातल्यांसारखेच. तिनं तुमच्या बाईंचा तो चामड्याचा मोजा बघितला होता. रोज मागे लागलीय, मला तसा करून दे. बिचारी एकटी असते दिवसभर, वाकता येत नाही तिला."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "दोन्ही पायांचं माप आण. सकाळी घे, पाय हलका असताना."

माप आलं. त्यानं कागद पसरला, कातडं निवडलं, कापलं. मध्येच सुनेला म्हणाला, "आपल्याच्या वेळी मला जमत गेलं तसं केलं. हा आणखी चांगला होईल. लोक येतील बघ. नायलॉनवाल्यांना हे जमणार आहे का?" कापलेले तुकडे त्यानं तिच्यासमोर सारले, दोन सुया ओवून तिच्या हातात दिल्या. एक बोट घट्टच कापलेलं, तिला डोळ्यांनी दिसत होतं.

तिनं वर बघितलं. आतल्या दारात म्हातारी, वॉकर धरून उभी. कशी आली होती तिथपर्यंत देव जाणे. ती मान हलवत होती. नाही, नाही.

सुनेनं आरी घेतली. एक भोक पाडलं. दुसरं पाडलं. मग सुया खाली ठेवल्या.

"मामंजी, त्या पायाचं त्यामुळंच झालं."

त्यानं ऐकून घेतलं. तिनं सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. वळ, शिवण, अस्तराची ओल, आणि पत्रा. तिला वाटलं, आता तो तिच्यावर चिडेल. चिडला असता तर अर्धं तिच्या वाट्याला आलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "वळ कुठं उठला होता?" तिनं स्वतःच्या पायावर, गुडघ्याखाली बोट फिरवून दाखवलं. म्हातारा त्या बोटाकडे बघत राहिला. मग उठला, गाडीवानाच्या आईचं माप घडी करून खिशात घातलं, चपला घातल्या आणि चौकात गेला. गाडीवानाला माप परत दिलं आणि म्हणाला, आईला नर्सबाईकडे ने, मलम आणि पट्टी ती सांगेल तशी, माझ्याकडे येऊ नको.

परत आला आणि रापी खिळ्याला टांगली.

अजून तिथंच आहे ती. म्हातारा अंगणात बसतो, खुराड्यापाशी, कोंबड्या त्याच्या पायांमधून फिरतात. ठेकेदार पुढच्या हंगामाचं बोलायला आला होता. त्याला म्हणाला, शहरातून आणा. आणले त्यानं. दुकान उघडं असतं, सून बसते, जुन्या पट्ट्यांची डागडुजी करते, पण कापायला तिला येत नाही, तिला कापायला शिकवलंच नव्हतं.

आणि पाय बरा होतोय, बरं का. कडेनं गुलाबी कातडी धरायला लागलीय. सून रोज धुते, टिपते, बोटांच्या मुळापासून पट्टी गुंडाळते, घोट्याला घट्ट, वर सैल, मग बोटं दाबून बघते रंग परत येतो का. नर्सबाई खूश आहे. गाडीवानाच्या आईचा पाय पण ठीक आहे, ती परवा चौकात बसलेली दिसली मला, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

फक्त म्हातारी सुनेशी बोलत नाही. हो-नाहीपुरतं बोलते. एकदाच बोलली, पट्टी गुंडाळून झाल्यावर. म्हणाली, "मला पाय नको होता गं. मला ते दुकानात बसलेले हवे होते."

सुनेनं पाण्याचं तसराळं उचललं आणि अंगणात गेली, आणि म्हातारा तिथं बसलेला, म्हणून ते त्याच्या बाजूनं न ओतता वळसा घालून पार कुंपणापाशी जाऊन ओतलं. रोज तसंच ओतते.

आता बोल. सुया तुझ्या हातात होत्या, समोर कापलेलं कातडं, दारात ती मान हलवतेय. तू काय केलं असतंस?